निवारा मिळतो, हक्क मिळवावा लागतो

निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तंबू, रेशनची रांग आणि डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे येतात. वर्तमानपत्रेही तेवढेच दाखवतात. पण छावणीतून बाहेर पडून परक्या देशातल्या परक्या शहरात उतरलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची बातमी होत नाही. त्याला भाड्याची खोली कोण पाहून देतो? मुलांचे नाव शाळेत कोण घालतो? पोलीस दारात आले तर त्याच्या बाजूने कोण बोलतो? आणि पंचवीस-तीस वर्षांनंतर तो त्या शहराचा नागरिक होतो की शेवटपर्यंत आश्रितच राहतो? या प्रश्नांची उत्तरे शोधायची असतील तर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल या शहराकडे पाहावे. तेथे येऊन वसलेल्या कंबोडियन बौद्धांनी चाळीस वर्षांत जे कमावले आणि जे गमावले, त्यात संघटनेवर विश्वास असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे पुष्कळ आहे.

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूजने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. शहरे रिकामी केली, माणसांना शेतांवर वेठीला धरले. पैसा, शाळा, बाजार सारे बंद झाले. भिक्खूंना चीवर उतरवायला लावले, कित्येकांना ठार मारले. विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या फौजांनी ही राजवट उलथवली, तोपर्यंत उपासमार, रोगराई आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसे मेली होती. जे वाचले त्यांतील लाखो लोक पायी थायलंडच्या सीमेकडे निघाले. साकेओ, खाओ-इ-दांग अशा छावण्या १९७९ साली उभ्या राहिल्या. तेथून पुढे सुमारे दीड लाख कंबोडियन निर्वासितांना अमेरिकेने आपल्या देशात घेतले.

अमेरिकेने हे केवळ दयाबुद्धीने केले असे कोणी समजू नये. व्हिएतनामच्या युद्धात याच अमेरिकेने कंबोडियाच्या खेड्यांवर वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले होते. तिच्यावर एक नैतिक देणे होते. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की त्या देशाने निर्वासितांसाठी कायदा केला. १७ मार्च १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने निर्वासित कायदा अस्तित्वात आला. निर्वासित कोणाला म्हणायचे याची व्याख्या ठरली, पुनर्वसनासाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय झाले. निर्वासिताला एका वर्षानंतर कायम वास्तव्याचा आणि पाच वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करण्याची वाट मोकळी झाली.

प्रत्यक्ष काम मात्र चर्चशी आणि इतर धर्मादायाशी जोडलेल्या संस्थांकडे होते. विमानतळावर घ्यायला जाणे, खोली पाहणे, थंडीचे कपडे देणे, पहिले रेशन भरणे, हे त्यांनी मनापासून केले. पण त्यांचे काम मुदतीचे होते. सरकारी रोख मदत सुरुवातीला ३६ महिने होती. १९८२ साली ती १८ महिन्यांवर आली, १९८८ साली १२ आणि १९९१ साली ८ महिन्यांवर. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आयुष्यात शाळा पाहिली नाही, ज्या बाईचा नवरा आणि निम्मी मुले डोळ्यांदेखत मेली, तिने आठ महिन्यांत इंग्रजी शिकावे, नोकरी धरावी आणि मदतीच्या यादीतून नाव काढून घ्यावे, अशी ही अपेक्षा. फाईल बंद झाली की पुनर्वसन झाले, असा सरकारी हिशेब.

या हिशेबात आणखी एक सूत्र होते. निर्वासित एका जागी गोळा होऊ नयेत, ते देशभर विखुरले जावेत, म्हणजे कोणत्याही एका शहरावर भार पडणार नाही, असे धोरण १९७५ पासून होते. पुढे कंबोडियन लोकांसाठी काही ठराविक शहरे निवडून तेथे त्यांचे गट वसवण्याचाही प्रयत्न झाला. पण लोकांनी सरकारी नकाशा मानला नाही. जेथे आपला नातेवाईक आहे, आपली भाषा बोलणारा दुकानदार आहे, जेथे भिक्खू आहेत, तेथे ते स्वतःच्या खर्चाने पुन्हा उठून गेले. एका गावात चार कुटुंबे असली तर ती चार अनोळखी कुटुंबे राहतात, चारशे झाली की ती वस्ती होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, ती ज्यांना आठवते त्यांना या लोकांचे पाऊल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गावोगावी विखुरलेला आणि सर्वत्र अल्पसंख्य असलेला माणूस सर्वत्र दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो.

लोवेल हे मेरिमॅक नदीकाठचे जुने कापड गिरण्यांचे शहर. एकोणिसाव्या शतकात तेथे आयरिश मजूर आले, मग फ्रेंच कॅनेडियन, मग ग्रीक. गिरण्या बंद पडल्यावर शहर ओस पडले. ऐंशीच्या दशकात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी पुन्हा काम आणले. सुटे भाग जोडण्याच्या कामाला फार इंग्रजी लागत नव्हते. घरभाडे स्वस्त होते. एक कुटुंब आले, त्याने दहांना बोलावले. पाहता पाहता कॅलिफोर्नियातील लाँग बीचनंतर अमेरिकेतील सर्वांत मोठी कंबोडियन वस्ती लोवेलमध्ये झाली.

येथेच १९८४ साली ‘कंबोडियन म्युच्युअल असिस्टन्स असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. नावाचा अर्थ परस्पर साहाय्य मंडळ. अशी मंडळे त्या काळात अमेरिकेच्या अनेक शहरांत कंबोडियन, लाओ, ह्मोंग आणि व्हिएतनामी निर्वासितांनी उभी केली. मिनेसोटात ह्मोंग लोकांनी १९७७ सालीच ‘लाओ फॅमिली कम्युनिटी’ स्थापन केली होती. त्याच वर्षी लाँग बीचमध्ये ‘युनायटेड कंबोडियन कम्युनिटी’ निघाली. या मंडळांचे काम वरवर पाहता किरकोळ वाटेल. विजेचे बिल वाचून दाखवणे, दवाखान्यात दुभाषी म्हणून सोबत जाणे, शाळेचे पत्र समजावणे, घरमालकाने कडाक्याच्या थंडीत हीटर दुरुस्त केला नाही तर फोन करणे, कोर्टाचे समन्स आले तर कोणत्या खोलीत जायचे ते सांगणे. पण या किरकोळ कामांतूनच माणूस माणसाला जोडला गेला. धर्मादाय संस्थेच्या दारात निर्वासित हा लाभार्थी होता. मंडळाच्या दारात तो सभासद होता. तेथे तो वर्गणी देऊ शकत होता, मत मांडू शकत होता, पदाधिकाऱ्याला जाब विचारू शकत होता. हा फरक लहान नाही.

याच काळात शेजारच्या नॉर्थ चेम्सफर्डमध्ये त्रिरत्नाराम विहार उभा राहिला. ज्यांनी आपल्या देशात विहारांची कोठारे झालेली पाहिली, त्यांनी परदेशात मजुरीच्या पैशांतून विहार उभारावा, ही साधी घटना नव्हे. विहारात मृतांसाठी पुण्यानुमोदन होई, नववर्ष साजरे होई, आणि कोणाला नोकरी हवी, कोणाला खोली हवी हेही तेथेच कळे. या सर्व काळात भन्ते महाघोसानंद यांचे नाव कंबोडियन लोकांच्या ओठांवर होते. या भिक्खूंचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. पन्नासच्या दशकात ते बिहारमध्ये नालंदा येथे पालीच्या अभ्यासासाठी आले होते. साकेओच्या छावणीत त्यांनी बांबूचे विहार उभारले आणि सर्वस्व गमावलेल्या लोकांच्या हातात मेत्त सुत्ताची पत्रके दिली. पुढे अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे राहून त्यांनी ठिकठिकाणी विहार स्थापन करायला मदत केली. १२ मार्च २००७ रोजी मॅसॅच्युसेट्समध्येच त्यांचे निधन झाले. लोवेलमध्ये २०००च्या सुमारास आग्नेय आशियाई रुग्णांसाठी जे आरोग्य केंद्र सुरू झाले, त्याचे नावही ‘मेत्ता’ ठेवले गेले. झोप न येणे, दचकून उठणे, कारण नसता अंग दुखणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायांना आपल्या भाषेत ऐकून घेणारा माणूस तेथे भेटू लागला.

मात्र विहार आणि मंडळ एवढ्यावर प्रश्न सुटला नाही. वस्ती वाढली तसा द्वेषही वाढला. १९८७ साली लोवेलच्या शाळांत दर आठवड्याला नवी मुले येत होती. त्यांच्यासाठी वर्ग नव्हते, त्यांची भाषा जाणणारे शिक्षक नव्हते. शाळेच्या इमारतीबाहेर मिळेल त्या जागेत तात्पुरते वर्ग भरवून या मुलांना वेगळे बसवण्यात आले. पालक जाब विचारायला गेले, तेव्हा येथे इंग्रजीत बोला, असे त्यांना सुनावले गेले. त्याच वर्षी तेरा वर्षांच्या एका कंबोडियन मुलाला एका गोऱ्या मुलाने कालव्यात ढकलले आणि तो बुडून मेला. पाण्यात ढकलणारा स्वतःही लहानच होता. त्या वयात एवढे विष कोठून आले, याचे उत्तर त्या शहरातील मोठ्या माणसांच्या भाषणांत शोधावे लागेल.

कंबोडियन आणि लाओ पालकांनी येथे शहाणपण दाखवले. शहरातील स्पॅनिश भाषक पालकांची मुलेही याच अन्यायाला बळी पडत होती. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देश वेगळा. पण प्रश्न एकच. दोन्ही समाजांचे पालक एकत्र आले आणि १९८७ साली फेडरल कोर्टात गेले. दाव्याचा आधार होता १९६४चा नागरी हक्क कायदा, म्हणजे काळ्या बांधवांनी रक्त सांडून मिळवलेला कायदा. १९८८ साली स्कूल कमिटीला कोर्टाबाहेर तडजोड मान्य करावी लागली. प्रस्थापितांनी याचा राग १९८९ साली काढला. इंग्रजी हीच शहराची अधिकृत भाषा, असा ठराव सार्वमताला ठेवून त्यांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर करून घेतला. तो कोणावर बंधनकारक नव्हता. तरीही नव्याने आलेल्यांना त्यांची जागा दाखवण्याचे काम त्याने केले.

हे सार्वमत लोकांच्या मनात राहिले. निम्मे शहर बदलले तरी सत्ता का बदलत नाही, हा प्रश्न पुढे आला. १९९९ साली रिथी उओंग नगर परिषदेवर निवडून आले. अमेरिकेत कोणत्याही नगर परिषदेवर निवडून गेलेले ते पहिले कंबोडियन. पण असे अपवाद सोडले तर परिषदेत वर्षानुवर्षे गोरेच बसत. याचे कारण निवडणुकीच्या पद्धतीत होते. नऊच्या नऊ नगरसेवक संपूर्ण शहरातून निवडले जात, प्रभागच नव्हते. त्यामुळे शहरातील ५१ टक्के मतदार एकजुटीने मत देत असतील तर नऊही जागा त्यांच्या. उरलेल्या ४९ टक्क्यांच्या हाती भोपळा. ही पद्धत १९५७ पासून चालत आली होती. त्याआधी याच शहरात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत होती, हे विशेष.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी नेमके हेच दुखणे मांडले होते. सर्वत्र अल्पसंख्य असलेल्या समाजाला केवळ प्रादेशिक मतदारसंघातून आपला प्रतिनिधी पाठवता येत नाही. मत असूनही ते निष्फळ ठरते. लोवेलमधील वकिलांनी बाबासाहेब वाचले होते की नाही, हा मुद्दा नाही. अन्यायाची रचना सारखी असली की युक्तिवादही सारखाच होतो.

मे २०१७ मध्ये आशियाई आणि लॅटिनो अशा तेरा रहिवाशांनी शहराविरुद्ध दावा दाखल केला. १९६५च्या मतदान हक्क कायद्याखाली त्यांनी दोन्ही समाजांना मिळून एक अल्पसंख्य गट मानावे, अशी मागणी केली. शहराने दावा फेटाळण्याचा अर्ज केला, तो कोर्टाने नाकारला. २०१९ साली शहराने तडजोड केली आणि पद्धत बदलण्याचे मान्य केले. आता नगर परिषदेवर अकरा जण. त्यांतील आठ प्रभागांतून आणि तीन संपूर्ण शहरातून. नोव्हेंबर २०२१ मध्ये या पद्धतीने पहिली निवडणूक झाली आणि एकाच वेळी तीन कंबोडियन नगरसेवक निवडून आले. त्यांतील सोखारी चाऊ ३ जानेवारी २०२२ रोजी महापौर झाले. अमेरिकेतील ते पहिले कंबोडियन महापौर. त्यांच्या वडिलांना ख्मेर रूजने मारले होते. आईने सात मुलांना जगवले, छावणी गाठली. कुटुंब आधी पिट्सबर्गला उतरले आणि मग आपल्या माणसांच्या शोधात लोवेलला आले. सरकारी नकाशा मोडून आलेल्या अशाच एका कुटुंबाचा मुलगा महापौराच्या खुर्चीत बसला.

येथे लेख संपवता आला असता. पण वकील म्हणून मला त्याच समाजाची दुसरी बाजू सांगणे भाग आहे, कारण धडा तिच्यातच आहे.

कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. तो काढून घेता येतो. ऐंशीच्या दशकात कंबोडियन मुले गरीब वस्त्यांत वाढली. शाळेत मार खाल्ला, आईबाप दोन-दोन पाळ्यांत कामाला, घरात कोणी बोलत नाही. काही मुले टोळ्यांत गेली. मारामारी, चोरी, अमली पदार्थ असे गुन्हे झाले, शिक्षा झाली, ती भोगून ती सुटली. १९९६ साली अमेरिकेने दोन कायदे केले. नागरिक नसलेल्या माणसाला अनेक गुन्ह्यांसाठी हद्दपार करणे त्यांनी जवळजवळ सक्तीचे केले. जुन्या गुन्ह्यांनाही ते लागू झाले. मार्च २००२ मध्ये कंबोडियाने अशा लोकांना परत घेण्याचा करार केला. तेव्हापासून शेकडो माणसे हद्दपार झाली. त्यांतील कित्येकांचा जन्म थायलंडच्या छावणीत झालेला. कंबोडिया त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बायको अमेरिकन, मुले अमेरिकन, आणि बाप नॉम पेन्हच्या विमानतळावर उतरलेला.

यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट कायद्याच्या एका साध्या तरतुदीत आहे. आईबापांनी वेळेत नागरिकत्व घेतले असते तर त्यांच्या अल्पवयीन मुलाला ते आपोआप मिळाले असते. मग त्याने पुढे कोणताही गुन्हा केला असता तरी त्याला तुरुंग मिळाला असता, हद्दपारी नव्हे. आईबापांनी अर्ज का केला नाही? कारण इंग्रजी येत नव्हते, परीक्षेची भीती होती, सरकारी कागदावर सही करण्याचीच धास्ती होती. ख्मेर रूजच्या काळात ज्याने आपली खरी माहिती लिहून दिली तो मेला, हे त्यांनी पाहिले होते. वयस्कर माणसांना इंग्रजीच्या अटीतून सूट मिळू शकते, मानसिक आघाताने शिकणे अशक्य झालेल्यांना वैद्यकीय दाखल्यावर सवलत मिळू शकते, हे घरोघरी जाऊन सांगणारा माणूस हवा होता. मंडळांकडे निधी होता तो लवकर नोकरी लावून देण्यासाठी. नागरिकत्वाचे वर्ग नंतर वाढले. पण मधल्या वर्षांत एक पिढी कागदाअभावी उघड्यावर राहिली.

फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल केला तर हद्दपारी होऊ शकते, हे आशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात दिला. तोपर्यंत किती तरुणांनी, सही करा आणि घरी जा, या सल्ल्यावर आपले घर गमावले असेल! शेजारच्या प्रॉव्हिडन्समध्ये आग्नेय आशियाई तरुणांनी हद्दपारीविरुद्ध संघटना बांधली. पण आधी बांधलेला बांध आणि पूर आल्यावर टाकलेली माती यांत फरक असतो.

हा प्रश्न दूर अमेरिकेचा आहे असे म्हणून हात झटकता येणार नाही. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. पूर्व पाकिस्तानातून १९६४ पासून आलेल्या चकमा बौद्धांना अरुणाचलात वसवण्यात आले. जमिनी मिळाल्या, नागरिकत्व मात्र अडले. नव्वदच्या दशकात त्यांना निघून जा, अशा धमक्या आल्या. ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम २१ चा आधार घेत, जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे, असे सांगून राज्य सरकारला त्यांच्या संरक्षणाचा आदेश दिला. पुढे चकमांच्या स्वतःच्या नागरिकत्व हक्क समितीने पुन्हा दाद मागितली आणि २०१५ साली तीन महिन्यांत नागरिकत्व देण्याचा आदेश मिळवला. त्यानंतरही अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. तरीही जो काही निकाल पदरात पडला, तो त्यांच्या संघटनेमुळेच.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने निर्वासितांना देशात घेण्याचा कार्यक्रमच स्थगित केला. ज्या दाराने लोवेलचे कंबोडियन आत आले, ते दार लावण्यात आले. सरकारे बदलतात, दया आटते, अनुदान बंद होते. अशा वेळी कोण टिकतो? ज्याच्याकडे नागरिकत्वाचा कागद आहे, मतदारयादीत नाव आहे आणि हाक मारल्यावर धावून येणारी संघटना आहे, तो टिकतो.

म्हणून निर्वासितांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना आणि विहार समित्यांना एवढेच सांगणे आहे. ब्लँकेट द्या, धान्य द्या, औषधे द्या. त्याची गरज आहेच. पण त्याच दिवशी एक वही उघडा. प्रत्येक कुटुंबाचे कोणते कागद आहेत, कोणते नाहीत, कोणत्या मुलाचा जन्मदाखला काढायचा राहिला, कोणाची मुदत कधी संपते, हे लिहून ठेवा. ही वही त्यांच्यातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हाती सोपवा आणि तिच्या पाठीशी एक वकील उभा करा. लोवेलच्या लोकांनी महापौर घडवला, पण अनेक मुलगे गमावले. त्या मुलांच्या आयांना अशी एखादी वही वेळेवर मिळाली असती, तर त्यातले कित्येक आज आपल्या घरी असते.